विनोदाच्या आधीचं हसू

पहिले दहा हशे बाईंनी सोडून दिले. अकराव्याला मात्र त्यांच्या लक्षात आलं, की हा मुलगा विनोदाच्या आधी हसतोय.

पडद्यावर नायक तरणतलावाच्या काठाकाठानं चालला होता. हातात उघडी छत्री. तो पडणार हे उघड होतं, कारण तो यापूर्वी दोनदा पडला होता. पण कधी पडणार हे ठाऊक असण्याचं कोणालाच कारण नव्हतं. तो थांबला, वळला, नायिकेकडे बघत भुवया उडवून पुन्हा चालू लागला. आणि रांगेच्या त्या टोकाला बसलेला मुलगा जोरात हसला. त्यानंतर तीन सेकंदांनी नायक पाण्यात पडला.

तीन सेकंद हा अंदाज नव्हता. अंदाजानं बोलण्याची बाईंना सवयच नव्हती. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत त्या सत्तावीस वर्षं काम करत होत्या. रोज सकाळी कुठल्या कुठल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून त्यांच्यापुढे यायचं आणि ते पिण्यालायक आहे की नाही हे त्या ठरवायच्या. त्या राहायच्या ती सगळी इमारत त्यांना पाणीवाल्या बाई म्हणे. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर त्यांचा सर्वांत कमी विश्वास होता. गढूळ पाणी निदान आपण गढूळ आहोत हे कबूल तरी करतं. कोणी त्यांना संशयी म्हटलं तर त्या म्हणत, "संशयी नाही, काळजीपूर्वक." हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या होत्या, की ऐकणाऱ्याला संशय यावा.

रांगेत चौघं होती. अलीकडे बाईंचे यजमान, मग बाई, मग त्यांची लेक, आणि पलीकडे तो. लेक दातांची डॉक्टर. तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होता. लेकीच्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, ती दुरुस्त करायला तो आला, आणि लिफ्ट चालू झाल्यावरही येत राहिला. एवढीच हकीकत. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. पण लेकीनं एक अट घातली होती, आणि ती त्याला नव्हे, आईला.

"आई, मला तुझं 'हो' हवंय. 'बघू' नको, 'तुमची मर्जी' नको, 'ठीक आहे' तर अजिबात नको. पुढच्या रविवारी तो चहाला येईल, तेव्हा त्याच्यासमोर 'हो' म्हणायचं. नाहीतर 'नाही' म्हण, मग मी काय करायचं ते बघेन. पण नंतर वीस वर्षं मला तुझं 'मी तेव्हाच म्हटलं होतं' ऐकायचं नाहीये."

म्हणजे बाईंच्या हातात आठवडा होता. त्या आठवड्याची सुरुवात म्हणून हा सिनेमा. मुलानंच तिकिटं काढली होती. 'छत्री एक, ओले दोघे'. नाव ऐकूनच बाईंच्या कपाळाला आठी पडली होती. पण काम करणारी माणसं मोठी होती. नायक म्हणजे तो, ज्यानं एका जुन्या सिनेमात बहिऱ्या घड्याळजीचं काम केलं होतं. ते बघून आल्यावर बाई आठवडाभर घरातल्या घड्याळाकडे बघून डोळे पुसत होत्या. नायिका म्हणजे ती, जिनं न्यायाधीशीण रंगवली होती आणि अख्ख्या सिनेमात एकदाही आवाज चढवला नव्हता. अशी दोघं एकत्र म्हटल्यावर माणूस नाव विसरून जातो.

तो घड्याळजी आता छत्र्यांच्या दुकानाचा मालक होता. वय पन्नाशीचं, कपडे विशीचे. ती न्यायाधीशीण गुरांची डॉक्टर होती आणि डोक्यावर केकचा डबा पडल्यामुळे तिची स्मृती गेली होती. स्मृती परत येण्यासाठी नायक तिला पुन्हा पुन्हा तरणतलावावर नेत होता. का, हे लेखकानं सांगितलेलं नव्हतं. बहुधा ज्याला सांगायचं होतं त्याच्याही डोक्यावर डबा पडला असावा.

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागे नोंदी घ्यायला सुरुवात केली. सिनेमा संपेपर्यंत मुलगा एकूण तेवीस वेळा हसला. त्यांपैकी नऊ वेळा विनोदाच्या आधी.

बाहेर आल्यावर चौघं फुटपाथवर उभी राहिली.

"छान होता," लेक म्हणाली.

"छान," यजमान म्हणाले. ते शालेय पुस्तकांचे मुद्रितशोधक होते. मध्यंतरानंतर ते झोपले होते.

"छानच!" मुलगा म्हणाला. "काकू, तुम्हाला?"

"काम चांगलं आहे," बाई म्हणाल्या. कोणाचं, ते त्या बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत त्यांनी यजमानांना गाठलं. "अहो, त्यानं हा सिनेमा आधी पाहिलाय."

"मग?"

"मग काय मग? शुक्रवारी लागला. रविवारी आपण गेलो. शुक्रवार-शनिवारात तो जाऊन आला. कोणाबरोबर? लेक दोन्ही दिवस दवाखान्यात होती. आणि जाऊन आला तर बोलला का नाही? 'छानच' म्हणाला, पहिल्यांदा पाहिल्यासारखा."

"अगं, काही माणसं हसरी असतात."

"तीन सेकंद आधी?"

यजमानांनी डोक्यावर हात फिरवला. ज्या वाक्यात चूक आहे पण कुठं आहे ते सापडत नाही, अशा वाक्यापुढे ते असंच करत. "कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतेस?"

"मुरतंय असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय मी असं म्हणत नसते."

आता, नऊ ही संख्या पुरेशी वाटेल. पण ती एका माणसाची. एखादा सिनेमाच असा असेल, की कोणालाही आधीच हसू यावं? वाईट सिनेमात पुढचं सगळं आधी कळतं, हे बाईंनाही ठाऊक होतं. तेव्हा ज्यानं सिनेमा नक्की पाहिलेला नाही अशा माणसाला नेऊन बसवणं आणि त्याचे हशे मोजणं भाग होतं. प्रयोगशाळेत अशा गोष्टीला कोणी वेडेपणा म्हणत नाही. तिथं न तपासता सही करणाऱ्याला वेडा म्हणतात.

मंगळवारी संध्याकाळी त्या चौथ्या मजल्यावरच्या गुडघेमावशींना घेऊन गेल्या. मावशींना हे नाव त्यांच्या संभाषणाच्या विषयावरून पडलं होतं. इमारतीची लिफ्ट तीन महिने बंद होती, आणि तेव्हापासून मावशी दिवसातून एकदाच खाली उतरत आणि उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून त्या मजल्याला सल्ला देत.

"सिनेमाला? मला? तुम्ही?" मावशींनी तीन प्रश्न विचारले आणि तिसऱ्यापर्यंत चपला घातल्या.

चित्रपटगृहात नऊ माणसं होती. बाई पेन काढून तयार होत्या. मावशी एकदाही हसल्या नाहीत. मात्र नायक तिसऱ्यांदा पाण्यात पडला तेव्हा त्या रडल्या.

"अहो, काय झालं?"

"या वयात! त्याच्या गुडघ्यांचा विचार तरी करायचा कोणीतरी."

परत येताना जिन्यावर मावशींनी बाईंना कारण विचारलं आणि बाईंनी सांगून टाकलं. ही त्यांची त्या आठवड्यातली पहिली चूक. दुसऱ्या मजल्यावर मावशी थांबल्या, कठडा धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या जागी मी असते तर एक शब्द विचारला नसता. मुलगा लिफ्टवाला आहे. लिफ्टवाला! डॉक्टर, वकील रस्त्यावर मिळतात. आपल्या इमारतीला लिफ्टवाला जावई मिळतोय, आणि तुम्ही त्याचं हसू मोजताय?"

"जावई इमारतीला नाही, मला मिळतोय."

"तेच म्हणते मी. स्वार्थीपणा करू नका."

बुधवारपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं. पहिल्या मजल्याचं मत पडलं की आधी लिफ्ट, मग चौकशी. पाचव्यानं कळवलं की मुलाचं आधी एक लग्न झालेलं असावं. लग्न झालेली माणसं विनोदाच्या आधी हसतात, कारण बायकोचा विनोद संपायची वाट बघितली तर घरात वाद होतात. हे ऐकल्यावर बाईंनी रात्रीच्या जेवणाला यजमानांकडे निरखून बघितलं. ते आमटी वाढून घेत होते आणि कशालाच हसत नव्हते. ही गोष्ट चांगली की वाईट हे बाईंना ठरवता आलं नाही.

गुरुवारी त्यांनी दुपारपासून अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'दाढदुखी' लिहिलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. पण दाढदुखी हा आकडा नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ही दुसरी चूक.

चित्रपटगृहाच्या मॅनेजरची खोली जिन्याखाली होती. मॅनेजर बारीक, टाय लावलेले आणि दु:खी होते. बाईंनी सरळ विचारलं, "शुक्रवारी किंवा शनिवारी अमुक एक माणूस हा सिनेमा बघायला आला होता का, आणि त्याच्याबरोबर कोण होतं, ते मला हवंय."

मॅनेजर सावध झाले. "आपण कोणत्या खात्याच्या?"

"पाणी."

"नळ व्यवस्थित आहेत आमचे! मागच्याच महिन्यात…"

"मी खाजगी कामासाठी आलेय."

"मग अर्ज लागेल." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, 'प्रेक्षकांची तक्रार'. खाली तक्रारीच्या स्वरूपासाठी पाच चौकोन होते: खुर्ची, आवाज, उकाडा, स्वच्छतागृह, पुढच्या माणसाचं डोकं. बाईंनी पाचही दोनदा वाचले.

"यात माझी तक्रार नाही."

"मग तुमची तक्रार नाही," मॅनेजर म्हणाले. "आणि अर्ज फक्त त्या दिवशीच्या प्रेक्षकाला करता येतो. तिकीट?"

बाईंनी तिकीट काढलं. खेळ सुरू होतच होता. आता एवढ्या लांब आलोच आहोत आणि तिकीट वाया घालवणं योग्य नाही, म्हणून त्या आत जाऊन बसल्या. आत त्या धरून चार माणसं होती. घड्याळजी चौथ्यांदा पाण्यात पडला तेव्हा तो वर येताना क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो, हे त्यांना या वेळी प्रथमच दिसलं. त्या नजरेत इतकं खरं दु:ख होतं, की तेवढ्यापुरता सिनेमा चांगला होता.

बाहेर आल्यावर मॅनेजर दारातच उभे होते. चेहरा पार बदललेला. "बाई, दारावरचा माणूस म्हणतोय तुम्ही तिसऱ्यांदा आलात. रविवारी, मंगळवारी, आज."

"हो."

"तिसऱ्यांदा!" मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "दुसऱ्यांदासुद्धा कोणी आलेलं नाही हो. एक ते लिफ्टवाले सोडले तर."

बाईंचे कान टवकारायचे तेवढे टवकारले. "कोण लिफ्टवाले?"

"आमच्या लिफ्टचं काम बघतात ते. शुक्रवारी येऊन गेले. दोन तिकिटं काढली होती. आणि रविवारी परत."

"दोन तिकिटं. बरोबर कोण होतं?"

"ते मी कसं सांगणार? आत अंधार असतो." मॅनेजरांनी हात जोडले. "आता एक फोटो लागेल तुमचा."

"अर्जाला?"

"हो हो, त्यालाच."

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला फोटोशिवाय अर्ज ही कल्पनाच झेपत नाही. बाई उभ्या राहिल्या. मॅनेजरांनी बोलावलेल्या फोटोग्राफरनं त्यांना व्हरांड्यात नेलं, नायक-नायिकेच्या पुठ्ठ्याच्या उंच आकृत्यांमध्ये उभं केलं आणि हातात उघडी छत्री दिली. उजेड नीट पडावा म्हणून, असं तो म्हणाला. दोन तिकिटं, दोन तिकिटं, एवढंच बाईंच्या डोक्यात फिरत होतं.

"सिनेमाबद्दल एक शब्द, बाई?" मॅनेजर म्हणाले. "एकच."

बाईंनी विचार केला. प्रयोगशाळेत एक शिक्का असतो. जे मोजमाप चुकीच्या पद्धतीनं घेतलंय, ज्याच्यावर कोणी विसंबू नये, त्यावर तो मारतात. तोच शब्द त्यांच्या तोंडून आला.

"अविश्वसनीय," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी समोरच्या चौकात दोन मजले उंचीचा फलक लागला. मध्ये छत्री घेतलेल्या बाई, एका बाजूला घड्याळजी, दुसऱ्या बाजूला न्यायाधीशीण. वर अक्षरं: 'अविश्वसनिय!' आणि खाली बारीक: 'तीनदा पाहूनही मन भरलं नाही – एक जाणकार गृहिणी'.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. बाई खिडकीत उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर फोटोत जे भाव होते ते दोन तिकिटांचा विचार करताना आलेले होते. पण खालून बघणाऱ्याला ते प्रेमभंगाचे वाटावेत.

यजमान मागून आले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "'अविश्वसनीय'मधला 'नी' दीर्घ हवा."

"अहो, मी गृहिणी आहे का?"

"ती चूक अर्थाची. ती लेखकाकडे परत पाठवावी लागते."

त्या दिवशी कार्यालयात साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब चष्म्यातून नव्हे, चष्म्यावरून बघत होते. "बाई, काल आम्ही सहकुटुंब गेलो. तुम्ही कौतुक केलंय हे चित्रपटगृहानं फेसबुकवर टाकलं होतं. मी बायकोला म्हटलं, या बाई सत्तावीस वर्षांत एका शब्दानं चुकल्या नाहीत. सासूबाईंनाही नेलं."

"साहेब, आपल्या प्रयोगशाळेत तो शब्द कशाला वापरतात?"

साहेब थांबले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला आणि लगेच परत काळवंडला. "असं होय. सासूबाईंना सांगतो. पण गुरुवारी तुमची दाढ दुखत होती."

"हो… नाही."

"तुमची मुलगी दातांची डॉक्टर आहे. तिचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे झालं."

दुपारच्या सुट्टीत लेकीनं दवाखान्यातच आईला खुर्चीवर बसवलं, वरचा दिवा लावला आणि म्हणाली, "आ कर."

"अगं, दाढ दुखत नाहीये माझी. कागदापुरतं…"

"आ कर म्हटलं ना." तिनं आरशानं एकेक दाढ नीट बघितली. "एकही किडलेली नाही. असं प्रमाणपत्र देऊ? 'रुग्णाचे सर्व दात उत्तम असून जीभ खोटी आहे'?"

बाईंना तोंड उघडं असल्यामुळे बोलता येत नव्हतं. लेकीनं ते तसंच राहू दिलं.

"तू त्याची चौकशी करत फिरतेस. मला मावशींनी सांगितलं, पाचव्या मजल्यानं सांगितलं, आणि आता पेशंटसुद्धा विचारतात, 'चौकात तुमच्याच आई ना?' आई, तो हसला म्हणून?"

तिनं आरसा काढून घेतला. दोन तिकिटं जिभेवर आली होती. पण अर्धवट तपासणीचा निकाल बाई कोणालाच कळवत नसत, पोटच्या पोरीला तर नाहीच. बातमी खरी निघाली तर लेक मोडून पडणार. खोटी निघाली तर लेक आईचं तोंड बघणार नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "हसला म्हणून नाही गं. खोटं हसला म्हणून. जो माणूस तेवीस वेळा खोटं हसतो, तो उद्या तुझ्याशी खरं काय बोलेल?"

लेकीनं आरसा खाली ठेवला. मग दिवा बंद करून म्हणाली, "उद्या चार वाजता येतोय. तेव्हा सांग. हो किंवा नाही."

बाईंनी कार्यालयात परत जाऊन साहेबांना एका ओळीचा खुलासा लिहिला: 'दाढ दुखत नव्हती.' त्यांच्या सेवापुस्तिकेत पहिली लाल रेघ उमटली. ती बघून त्यांना जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, याचाही त्यांना संशय आला.

रविवारी चारच्या आधीच खाली गलका झाला. मुलगा वेळेवर आला होता, नव्हे, दहा मिनिटं लवकर. पण जिन्याच्या तोंडाशी गुडघेमावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि त्यांना ओलांडून वर जाणं कुणालाच शक्य नव्हतं.

"एवढं बघून जा रे बाबा. नुसतं बघ. चहा काय, पळून जात नाही."

बाई खाली उतरून आल्या तेव्हा त्याचे चांगले कपडे धुळीनं भरले होते आणि डोकं लिफ्टच्या बाजूच्या पेटीत होतं. आतून आवाज आला, "झालंय, मावशी. साधा बिघाड होता. तीन महिने कोणी बघितलंच नाही?"

"बघायला माणूस लागतो," मावशी बाईंकडे बघून म्हणाल्या.

लिफ्टचा दिवा लागला. मावशी उठल्या. मुलगा झटकन पुढे येऊन दारात आडवा झाला. "नाही, नाही! कोणीही आत जायचं नाही. आधी रिकामी फेरी."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"काकू, तुम्ही? नमस्कार." त्यानं हात पुसले. "दुरुस्ती झाली की आधी लिफ्ट रिकामी वर-खाली करून बघायची. सगळे मजले. मग मी एकटा बसून बघतो. त्यानंतर बाकीची माणसं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. आपली माणसं बसणार असतील तर दोनदा."

लिफ्ट घरघरत रिकामीच वर गेली. बाईंनी मान वर करून ती जाताना बघितली. मग म्हणाल्या, "शुक्रवारी तू रिकामी फेरी मारलीस. सिनेमाची."

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

"दोन तिकिटं होती," बाई म्हणाल्या. "दुसरं कोणाचं?"

"माझंच," तो पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला. "बाराच्या खेळाला बसलो होतो. मध्यंतराला फोन आला, एका हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. निघावं लागलं. मग सहाच्या खेळाचं परत काढलं. अर्धवट बघून तुम्हाला कसं नेणार? पुढे काही वेडंवाकडं असेल तर?"

"आणि सगळा बघून झाल्यावर?"

तो घुटमळला. जिन्याच्या खिडकीतून चौकातला फलक दिसत होता. त्यानं फलकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. एका दोन मजली बाईला तो सिनेमा प्राणापलीकडे आवडला होता आणि तीच बाई आता त्याच्यापुढे उभी होती. मावशी दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हाला राग येईल."

"येऊ दे."

"टुकार होता." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवेना. "इतका टुकार, की मला त्या दोघांची दया आली. तुम्हाला तीनदा आवडला, तुमची आवड मी नाही काढत. पण मला विचारलंत म्हणून सांगतो. तरणतलावाचं तर मला शेवटपर्यंत कळलं नाही."

"मग तिकिटं रद्द का नाही केलीस?"

"ती म्हणाली होती, तो नट आईचा देव आहे. आठवडाभर त्याच तयारीत होती. तिला कसं सांगू?"

"आणि ते हसणं?"

"ते होय?" तो लाजला. "लिफ्ट अडकली ना, की बाहेरून आतल्या माणसांशी बोलत राहायचं असतं. काहीही बोलायचं, पण आवाज बंद करायचा नाही; नाहीतर ती घाबरतात. तिथं अख्ख्या चित्रपटगृहात कोणीच हसत नव्हतं. मला वाटलं, कोणीतरी सुरुवात केली तर तुम्हाला जरा सोपं जाईल. विनोद कुठं येतात ते मला पाठच होतं, पण वेळ काही जमली नाही."

लिफ्ट रिकामीच खाली आली. दार उघडलं. कोणी आत गेलं नाही.

"मलाही तो टुकारच वाटला," बाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा." आणि मग त्यांना असं काही हसू आलं, की मावशींनी त्यांना धरून आपल्या खुर्चीवर बसवलं.

वर चहा झाला होता. लेक दारात उभी होती, चेहरा ताठ, बोटं ओढणीत गुंतलेली. यजमान कप हातात घेऊन मागे. मुलगा धुळीच्या कपड्यांनिशी आत आला आणि बसू की नको अशा बेतात उभा राहिला.

"आई," लेक म्हणाली. "सांग."

"हो," बाई म्हणाल्या.

लेक बघतच राहिली. "नुसतं 'हो'?"

"नुसतं 'हो'. बघू नाही, तुमची मर्जी नाही. हो."

"इतक्या सहज?" लेकीनं आईकडे, मग मुलाकडे पाहिलं. तिचे डोळे बारीक झाले. हे डोळे बारीक होणं यजमानांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. "कालपर्यंत 'नाही' होतं. खाली काय झालं? काय बोललास तू हिच्याशी?"

"काही नाही," मुलगा म्हणाला. "सिनेमाबद्दल. मी तो शुक्रवारी बघून आलो होतो ना, त्याबद्दल."

कोणी काही बोलायच्या आत त्यालाच कळलं, की आपण काय बोललो.

"शुक्रवारी," लेक सावकाश म्हणाली. "म्हणजे तुला ठाऊक होतं तो कसा आहे. आणि तरी मला अडीच तास तिथं बसवलंस. आणि बाहेर आल्यावर 'छानच' म्हणालास. माझ्याकडे बघून."

"तूही 'छान' म्हणालीस."

"मी तू नेलंस म्हणून म्हणाले!"

"मी तू खूष होतीस म्हणून नेलं!"

"अगं, सोड त्याला," बाई मध्ये पडल्या. कोणा आरोपीची बाजू घेण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज जरा चिरकला. "मी सगळं बघितलंय. मुलगा चोख आहे."

"तू थांब, आई. तुझं 'हो' मिळालं, आता जरा बाजूला ठेव. संसार मला करायचाय." तिनं खुंटीवरची पर्स घेतली आणि मुलाकडे वळली. "चल. आत्ता सहाला जो लागला असेल तो सिनेमा बघायचा. नाव बघायचं नाही, कोण काम करतंय ते बघायचं नाही. आणि तू आधी जाऊन यायचं नाहीस. दोघांनी एकदमच बसायचं. वाईट निघाला तर तोंडावर वाईट म्हणायचं. जमेल?"

मुलानं कपड्यांवरची धूळ झटकली. बिघाडाची माहिती न घेता आत पाऊल टाकायचं, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. मग तो म्हणाला, "जमेल. पण मध्येच उठून जायचं ठरलं तर?"

"तर दोघांनी उठायचं."

दोघं गेली. चहा कोणीच घेतला नव्हता. जिन्यावरून त्यांची कडाक्याची भांडाभांडी बराच वेळ ऐकू येत होती, आणि त्या भांडणात कोणीही हातचं राखून बोलत नव्हतं.

यजमान खिडकीशी गेले. "छत्रीवाल्या चित्रपटगृहाकडे नाही वळले," ते म्हणाले. "दुसऱ्या चित्रपटगृहाकडे निघाले वाटतं. तिकडे काय लागलंय गं?"

बाईंना ते ठाऊक होतं. सकाळच्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं, परीक्षणासकट. हाक मारली असती तर ती दोघं अजून ऐकायच्या अंतरात होती.

"काय की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.